सीमेपलीकडून येणारे विनामूल्य दूरचित्रवाणी प्रक्षेपण : आयर्लंडच्या अनुभवाचा ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना :

२४ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंड बेटावरील अॅनालॉग दूरचित्रवाणी प्रक्षेपण कायमचे बंद झाले. या बेटावर दोन राज्यव्यवस्था नांदतात. दक्षिणेस स्वतंत्र आयर्लंड प्रजासत्ताक आहे आणि ईशान्येकडील सहा परगण्यांचा उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे. १९२१ च्या फाळणीने निर्माण झालेली सुमारे ५०० किलोमीटर लांबीची सीमा दोहोंना विभागते. असे असूनही दोन्ही राज्यांनी अॅनालॉग प्रक्षेपण एकाच दिवशी थांबविले. सीमेपलीकडील प्रक्षेपण पाहण्याची अर्धशतकाची सवय या निर्णयाच्या मुळाशी होती.

असा अनुभव भारतीय उपखंडालाही नवा नाही. १९६४ मध्ये लाहोर येथे पाकिस्तानचे व १९७३ मध्ये अमृतसर येथे भारताचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाल्यानंतर पंजाबच्या दोन्ही बाजूंना परस्परांचे कार्यक्रम पाहिले जात. तथापि डिजिटल तंत्रज्ञानाच्या आगमनानंतर अशा प्रक्षेपणाचे काय होते, हे आयर्लंडच्या उदाहरणातून अधिक स्पष्टपणे दिसते. अॅनालॉग काळात सीमेपलीकडील प्रक्षेपण ही भूगोलाने दिलेली देणगी होती. डिजिटल काळात तो शासनांनी विचारपूर्वक घ्यावयाचा निर्णय ठरला, हे प्रस्तुत निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. भूगोलाची देणगी :

१९५३ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहण समारंभाच्या निमित्ताने बीबीसीचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण बेलफास्ट येथे पोहोचले. १९५५ मध्ये डिव्हिस टेकडीवरील शक्तिशाली प्रक्षेपक कार्यान्वित झाला आणि १९५९ मध्ये अल्स्टर टेलिव्हिजन ही व्यावसायिक वाहिनी सुरू झाली. आयर्लंड प्रजासत्ताकाची स्वतःची दूरचित्रवाणी मात्र ३१ डिसेंबर १९६१ रोजी सुरू झाली. तोपर्यंत सीमावर्ती परगण्यांत व पूर्व किनाऱ्यावर उंच अँटेना उभारून ब्रिटिश कार्यक्रम पाहण्याचा प्रघात पडला होता. नव्या आयरिश वाहिनीने ६२५ रेषांची आधुनिक पद्धती स्वीकारली; परंतु ज्यांच्या घरी ब्रिटिश पद्धतीचे ४०५ रेषांचे संच आधीच होते, त्यांच्यासाठी काही प्रक्षेपकांवरून त्याही पद्धतीने प्रक्षेपण करणे तिला भाग पडले. म्हणजेच राष्ट्रीय वाहिनीच्या जन्मक्षणीच शेजारच्या वाहिन्यांचे अस्तित्व गृहीत धरावे लागले.

यातून प्रजासत्ताकाची एक नवी अंतर्गत विभागणी झाली. पूर्व व उत्तर भागांतील प्रेक्षक ‘बहुवाहिनी क्षेत्रा’त होते, तर दक्षिण व पश्चिमेकडील प्रेक्षकांना केवळ एकच वाहिनी उपलब्ध होती. १९७३ ते १९७७ या काळात या खात्याचे मंत्री असलेले कॉनर क्रूझ ओब्रायन यांनी बीबीसीची पहिली वाहिनी संपूर्ण देशात पुनःप्रक्षेपित करावी, अशी सूचना केली. १९७५ च्या सर्वेक्षणात जनमत मात्र दुसऱ्या आयरिश वाहिनीच्या बाजूने गेले आणि १९७८ मध्ये ती सुरू झाली.

या काळात राजकीयदृष्ट्याही सीमेपलीकडील प्रक्षेपण निरुपद्रवी नव्हते. आयर्लंडच्या प्रक्षेपण कायद्याच्या ३१ व्या कलमान्वये १९७१ पासून आरटीईवर सशस्त्र संघटनांविषयीच्या वार्तांकनासंबंधी निर्बंध आले. १९७६ नंतर सिन फेन पक्षाच्या प्रवक्त्यांच्या मुलाखतींना स्पष्ट मनाई झाली आणि ती जानेवारी १९९४ पर्यंत टिकली. ब्रिटनने अशा व्यक्तींच्या आवाजावर बंदी घातली ती ऑक्टोबर १९८८ मध्ये. तोपर्यंत डब्लिनमधील प्रेक्षकाला जी व्यक्ती स्वदेशाच्या वाहिनीवर बोलताना ऐकता येत नसे, तिचेच बोलणे ब्रिटिश वाहिनीवर ऐकता येई. सीमेला लागून असलेल्या राज्यात अभ्यवेक्षणाला किती मर्यादा पडतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

२. डिफ्लेक्टरचा लढा :

ज्या डोंगराळ भागांत ब्रिटिश संदेश पोहोचत नसत, तेथे स्थानिक मंडळांनी स्वतःच मार्ग काढला. उंच टेकडीवर ते संदेश पकडून लहान प्रक्षेपकाद्वारे खालच्या दरीत सोडावयाचे, अशी ही योजना होती. या यंत्रणेस ‘डिफ्लेक्टर’ म्हणत. गावकरी अल्प वर्गणी देत. या व्यवहाराला कायद्याची मान्यता मात्र नव्हती. १९८९ पासून शासनाने सूक्ष्मलहरींद्वारे सशुल्क वाहिन्या पोहोचविणाऱ्या कंपन्यांना विभागवार परवाने दिले आणि डिफ्लेक्टर बंद करण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. १९९५ मध्ये कॉर्क परगण्यातील मंडळाचा वाद उच्च न्यायालयात गेला. १९९७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत डोनेगॉल नैर्ऋत्य मतदारसंघातून टॉम गिल्डी हे केवळ या प्रश्नावर अपक्ष म्हणून निवडून आले. त्या वेळचे अल्पमतातील सरकार अपक्षांच्या पाठिंब्यावर अवलंबून होते. १९९९ पासून डिफ्लेक्टरना परवाने मिळू लागले. शेजारच्या देशाची वाहिनी पाहणे हा ग्रामीण मतदाराच्या दृष्टीने चैनीचा विषय नव्हता. शहरी नागरिकाच्या बरोबरीने वागविले जाण्याचा तो प्रश्न होता.

३. डिजिटल स्थित्यंतर :

अॅनालॉग चित्र अंतरागणिक हळूहळू बिघडते. पडद्यावर मुंग्या दिसू लागल्या तरी चेहरा ओळखू येतो व आवाज ऐकू येतो. डिजिटल संदेश विशिष्ट पातळीच्या खाली गेला की चित्र थिजते आणि नाहीसे होते. त्यामुळे सीमेवरील ‘जेमतेम दिसणारी वाहिनी’ ही अवस्थाच संपुष्टात आली. शिवाय २००६ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या करारानुसार डिजिटल प्रक्षेपणासाठी कंप्रतांची वाटणी राष्ट्रांनी आपसांत ठरविलेली असल्याने प्रत्येक प्रक्षेपकाची व्याप्ती आधीच आखली जाऊ लागली.

मानकांतील भेदानेही अडचण वाढविली. ब्रिटनची २००२ मध्ये सुरू झालेली ‘फ्रीव्ह्यू’ सेवा एमपेग-२ पद्धतीवर आधारलेली होती, तर आयर्लंडने २०११ मध्ये अधिकृतपणे सुरू केलेल्या ‘सेरव्ह्यू’ सेवेसाठी एमपेग-४ ही नंतरची पद्धती निवडली. परिणामी सीमेपलीकडील संदेश अँटेनापर्यंत पोहोचूनही उत्तरेतील साध्या फ्रीव्ह्यू संचावर तो दिसत नसे. ‘सेर’ या आयरिश शब्दाचा अर्थ ‘मुक्त’ असा आहे, हे येथे लक्षणीय ठरते.

उपग्रहाच्या बाबतीत चित्र उलटे होते. बीबीसीने २००३ मध्ये आपल्या उपग्रह वाहिन्यांवरील सांकेतिक कुलूप काढून टाकले. अॅस्ट्रा २डी या उपग्रहाचा अरुंद झोत ब्रिटनवर केंद्रित असला तरी आयर्लंड बेटही त्यात येत होते. त्यामुळे दक्षिणेतील कोणालाही डिश अँटेना बसवून त्या वाहिन्या विनामूल्य पाहता येऊ लागल्या. याउलट आरटीईने क्रीडास्पर्धा व विदेशी कार्यक्रम यांचे हक्क केवळ प्रजासत्ताकापुरते विकत घेतलेले असल्याने सशुल्क उपग्रह सेवेवरील तिच्या वाहिन्या कुलूपबंद राहिल्या. लोकसंख्येने मोठ्या असलेल्या देशाचे प्रक्षेपण सीमा सहज ओलांडीत होते. लहान देशाचे प्रक्षेपण मात्र हक्कांच्या बाजारपेठेने अडविले होते.

४. कराराने मिळालेली दृश्यता :

उत्तर आयर्लंडमधील राष्ट्रवादी समाजाच्या दृष्टीने हा प्रश्न अस्मितेचा होता. गेलिक फुटबॉलसारखे खेळ बत्तीसही परगण्यांत एकाच संघटनेखाली खेळले जातात, आणि आयरिश भाषेतील स्वतंत्र वाहिनी १९९६ पासून दक्षिणेत सुरू होती. म्हणूनच १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारात, आयरिश भाषेची ही वाहिनी उत्तर आयर्लंडमध्ये अधिक व्यापक प्रमाणावर उपलब्ध व्हावी यासाठी तातडीने शक्यता तपासण्याचे वचन ब्रिटिश शासनाने दिले. सशस्त्र संघर्ष मिटविणाऱ्या दस्तऐवजात एका दूरचित्रवाणी वाहिनीचा उल्लेख असावा, ही बाब असाधारण आहे. पुढे टीजी४ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाहिनीचे प्रक्षेपण २००५ मध्ये डिव्हिस येथून सुरू झाले.

फेब्रुवारी २०१० मध्ये दोन्ही शासनांनी सामंजस्य करार केला. त्यानुसार आरटीई व टीजी४ या वाहिन्या उत्तरेत विनामूल्य, तर बीबीसीच्या वाहिन्या दक्षिणेत सशुल्क तत्त्वावर उपलब्ध व्हावयाच्या होत्या. २४ ऑक्टोबर २०१२ रोजी बेलफास्टजवळील ब्लॅक माउंटनसह तीन ठिकाणांहून आरटीई १, आरटीई २ व टीजी४ यांचे स्वतंत्र डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले. सीमेलगतच्या लूथ परगण्यातील क्लेरमाँट कार्न येथून ओसंडून येणारा दक्षिणेचा संदेशही योग्य संचावर मिळत राहिला. मात्र नवे प्रक्षेपण प्रगत मानकावर असल्याने प्रेक्षकाला त्यास अनुरूप संच घेणे आवश्यक होते. वाहिनी विनामूल्य असली तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याचे साधन विनामूल्य नव्हते.

निष्कर्ष :

आयर्लंडच्या अनुभवातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सीमेपलीकडील प्रक्षेपणाने प्रेक्षकाला शासनाच्या माहितीविषयक मक्तेदारीतून अंशतः मुक्त केले. दुसरी, डिजिटल तंत्रज्ञानाने चित्राची गुणवत्ता वाढविली, परंतु अनियोजित प्रसारणाचा अवकाश संकुचित केला. मानके, कंप्रता व हक्क यांच्या आखणीतून सीमा आकाशातही उमटली. तिसरी, ती ओलांडण्यासाठी राजकीय इच्छाशक्ती आवश्यक ठरली. उत्तरेतील आयरिश भाषकाला आपल्या भाषेची वाहिनी नव्या युगातही पाहता आली, ती वाऱ्यावर वाहत आलेल्या लहरींमुळे नव्हे, तर दोन शासनांनी त्याचा तो हक्क कागदावर मान्य केल्यामुळे. सीमेने विभागलेल्या अन्य भाषिक समाजांच्या संदर्भात डिजिटल प्रक्षेपणाचा विचार करताना हा फरक लक्षात घेणे अगत्याचे आहे. कारण जेथे असा करार होत नाही, तेथे अॅनालॉग मनोरा बंद पडताच पिढ्यान्‌पिढ्यांचा सांस्कृतिक संपर्कही कोणी निर्णय न घेता खंडित होऊ शकतो.