इंदूरचे जुने पूल आणि नदीकाठचे खेळ

शहराचा इतिहास लिहिताना राजवंश, लढाया आणि तह यांची नोंद अगोदर होते आणि ते स्वाभाविकही आहे. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि पुढे होळकरांची राजधानी इंदुरास आली, हे शाळेतला मुलगाही सांगू शकतो. परंतु ज्या खान आणि सरस्वती या नद्यांच्या आश्रयाने हे गाव वाढले, त्यांच्या काठी मुले काय खेळत, हे कोणत्याही बखरीत सापडत नाही. शासकीय सेवेत आमचा जमिनीच्या कागदपत्रांशी बराच संबंध आला. मध्य प्रदेशाच्या १८५९ नव्हे, तर १९५९ च्या भू-राजस्व संहितेनुसार प्रत्येक गावाच्या ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये वाटेचा, पाटाच्या पाण्याचा आणि मासेमारीचा रूढ हक्क लिहून ठेवता येतो. मुलांच्या खेळण्याच्या हक्काला मात्र त्यात रकाना नाही. हा रकाना आपणच भरावयास हवा, एवढ्याच हेतूने हे टिपण लिहीत आहोत.

आम्ही हल्ली विजय नगरात राहतो. हा भाग इंदूर विकास प्राधिकरणाने वसविला. येथे वस्तीची ओळख ‘योजना क्रमांक ५४’, ‘योजना क्रमांक ७४’ अशी आकड्यांनी होते. रस्ते रुंद आहेत, झाडी आहे, चौकात मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत. जुन्या शहरातील नावे पाहावीत तर हाथीपाला, चंद्रभागा, कृष्णपुरा, रामबाग, छत्रीबाग. यातील जवळजवळ प्रत्येक नावापाशी एक पूल, एखादा घाट किंवा पाण्याचा काठ आहे. नदी ओलांडल्यावाचून जुन्या इंदुरात कोणतेच महत्त्वाचे काम होत नसे. पूल हा तेव्हा नुसता रस्त्याचा भाग नव्हता, तो पत्ता होता.

या पुलांत कृष्णपुऱ्याच्या पुलाचे स्थान विशेष आहे. त्याच्या कडेला होळकरांच्या छत्र्या आहेत: मासाहेब कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या. मासाहेबांच्याच नावावरून हा भाग कृष्णपुरा झाला. तुकोजीरावांच्या कारकिर्दीत (१८४४–१८८६) होळकर दरबाराने इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले आणि खंडव्याहून इंदुरास लोहमार्ग आला. राजवाडा नदीच्या पश्चिमेस आणि स्थानक पूर्वेस, त्यामुळे कृष्णपुऱ्याचा पूल शहराच्या दोन भागांना जोडणारा मुख्य दुवा झाला. पुढे अनंत चतुर्दशीच्या रात्री कापडगिरण्यांच्या झाँक्या याच वाटेने निघू लागल्या आणि दक्षिणी घरांतील मुले कठड्यापाशी जागा धरून पहाटेपर्यंत उभी राहू लागली.

नदीकाठच्या खेळांचा विचार करताना एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. आपल्या घरांत मराठी बोलली जाई, परंतु काठावर उतरताच भाषा बदले. घरी जी लगोरी, ती काठावर सितोलिया होई. विटी-दांडूची गिल्ली-डंडा होई आणि माळव्याच्या रीतीप्रमाणे संक्रांतीला तो खेळ हटकून रंगे. पूर आला की घरातील वडीलधारी मंडळी ‘पूर उतरू द्या, मग जा’ म्हणत, आणि पुलावर जमलेली पोरे ‘नद्दी आई, नद्दी आई’ असा गलका करीत. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी सैन्याबरोबर, कारकुनीच्या निमित्ताने वा भिक्षुकीसाठी आलेली आपली कुटुंबे माळव्याची झाली, ती सनदांनी नव्हे. ती या काठांवर झाली, आणि ते काम मुलांनी केले.

मुलींच्या खेळांत हे अधिक स्पष्ट दिसते. पितृपक्षात माळव्यातील मुली भिंतीवर शेणाने संजा मांडतात, फुलांच्या पाकळ्यांनी सजवितात आणि रोज सायंकाळी तिची गाणी म्हणतात. अखेरीस किलाकोट मांडला जातो आणि सोळा दिवसांची संजा खरवडून पाण्यात सोडली जाते. सर्वपित्री अमावास्या सरली की दुसऱ्याच दिवशी घटस्थापना, आणि मराठी घरांत पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर सुरू. शेजारणींबरोबर संजा बोळवून आलेल्या मुली आपल्या अंगणात भोंडला खेळत. हरतालिकेची वाळूही नदीतूनच येई आणि पूजा झाल्यावर नदीतच परत जाई. दोन्ही परंपरांना पाणी लागे, आणि ते पाणी एकच होते.

येथे आठवण आणि पुरावा यांचा मेळ घालणे इतिहासाभ्यासकास आवश्यक आहे. जुनी मंडळी सांगत की नदीचे पाणी आरशासारखे होते, तळाचा खडा दिसे. याउलट प्लेगच्या काळात होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून आलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली आपला द्विखंडात्मक अहवाल सादर केला, त्यात शहरातील नद्यांची अस्वच्छता ही मोठी चिंता म्हणून मांडली आहे. मग कोण खरे? आमच्या मते दोघेही. नदी सर्वत्र सारखी नसते. शहराच्या वरच्या अंगाला आणि श्रावण-भाद्रपदात ती निराळी असते. दाट वस्तीच्या खाली, वैशाखात, निराळी. मुले जिथे आणि जेव्हा खेळत, तिथली आणि तेव्हाचीच नदी त्यांच्या स्मरणात उरली.

गेडिस यांचे वेगळेपण असे की त्यांनी नदीला गटाराचा मार्ग मानले नाही. काठ मोकळे करावेत, तेथे बागा कराव्यात, लोकांना पुन्हा पाण्याकडे आणावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या सूचना पूर्णपणे अमलात आल्या नाहीत.

नदीचा खरा कायापालट मात्र पाण्याची गरज दुसरीकडून भागू लागली तेव्हा झाला. आधी बिलावली व सिरपूरचे तलाव, १९३९ साली गंभीर नदीवरील यशवंत सागर, आणि १९७० च्या जनआंदोलनानंतर १९७८ साली सुमारे सत्तर किलोमीटरांवरील जलूदहून आलेली नर्मदा. नर्मदेच्या पाण्याने शहर जगले, याबद्दल कृतज्ञताच हवी. तथापि ज्या नदीची नित्य गरज उरत नाही तिच्याकडे कोणी पाहत नाही. वस्ती वाढली, सांडपाणी वाढले, पुलांचे कठडे उंच झाले आणि बोलण्यात ‘नदी’ जाऊन ‘नाला’ आला. शब्द बदलला की हक्कही बदलतो: नदीकाठी मुलाला पाठविता येते, नाल्याकाठी नाही.

याची किंमत उज्जैनलाही मोजावी लागली. खान पुढे क्षिप्रेस मिळते. २०१६ च्या सिंहस्थात यात्रेकरूंना स्वच्छ स्नान घडावे म्हणून तिचे पाणी नळवाहिनीने वळवून क्षिप्रेच्या घाटांखाली सोडावे लागले. शहराने मग सांडपाण्याची तोंडे बंद करण्याचे मोठे काम हाती घेतले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. ही बाब अभिमानाची खरीच. परंतु नदी सुधारली की नाही, याची आमची कसोटी साधी आहे. आईने निर्धास्तपणे मुलाला काठावर खेळावयास पाठविले, तर नदी सुधारली.

तो दिवस येईल तेव्हा मुलांना काठाची नावे सांगणारे कोणी असावे. आपल्या घरांत ऐंशी-नव्वदीची माणसे आहेत. कोणत्या पुलाखाली डोह होता, कोणत्या पायरीपर्यंत पूर चढे, संजा कोठे बोळवीत, हे त्यांना ठाऊक आहे. वाचकांना विनंती अशी की त्यांच्यापाशी बसून हे लिहून घ्यावे. जागेचे नाव, अंदाजे साल आणि सांगणाऱ्याचे वय अवश्य नोंदवावे. सांगणे एकमेकांशी जुळले नाही तरी दोन्ही ठेवावे, निवाडा पुढचे करतील. दप्तरात नसलेला रकाना भरण्याचा हाच एक मार्ग आहे, आणि तो भरण्यास फार वर्षे हाती नाहीत.