प्रून, पायलट ऑफिसर पर्सी

दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या मनावर सुरक्षिततेचे नियम बिंबवण्यासाठी ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सने वापरलेले व्यंगचित्रातील पात्र. १९४१ ते १९४६ या काळात वायुदलांतर्गत निघणाऱ्या ‘टी एम’ या प्रशिक्षणविषयक मासिकातून ते प्रसिद्ध होत असे. मासिकाचे संपादक अँथनी आर्मस्ट्राँग हे ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे मुरलेले लेखक होते आणि प्रूनची चित्रे बिल हूपर काढीत.

प्रून चाके खाली न सोडता विमान उतरवतो, टाकीत इंधन किती आहे हे न पाहता उड्डाण करतो आणि दर वेळी चक्काचूर झालेल्या विमानातून हसतमुखाने बाहेर पडतो. प्रत्यक्षात अशी सुटका क्वचितच होई. एकट्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या विभागाचे, ५,००० हून अधिक जण प्रशिक्षणकाळातील अपघातांत मरण पावले. प्रून कधी मरत नाही यातच त्याचा काळा विनोद, म्हणजे मृत्यूलाच थट्टेचा विषय करणारा विनोद आहे, कारण चित्र पाहणाऱ्याच्या तुकडीतील कोणी ना कोणी तीच चूक करून परतलेला नसे. खऱ्या घोडचुकांसाठी मासिकाने ‘न निघणाऱ्या बोटाचा परमनिंद्य किताब’ अशा अर्थाचा एक खोटा सन्मानही सुरू केला होता. ‘बोट बाहेर काढ’ म्हणजे आळस झटकून कामाला लाग, असा वैमानिकांच्या बोलीतील किंचित अश्लील वाक्प्रचार त्यामागे होता. वरिष्ठांच्या परिपत्रकाकडे काणाडोळा करणारा तरुण वैमानिक सोबत्यांमध्ये ‘प्रून’ ठरण्याला मात्र बिचकत असावा.

अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांसाठी रॉबर्ट ऑसबर्न यांनी रेखाटलेला डिलबर्ट हा प्रूनचाच भाऊबंद होय. पापुआ न्यू गिनीतील पोर्ट मोर्सबी येथील अमेरिकी लष्करी रुग्णालयाबाहेरच्या फलकावरील विनोद मात्र या दोघांहून कितीतरी निर्दय होता : तेथे मानवी कवट्या मांडून, या लोकांनी ॲटाब्रिन घेतले नाही, असे लिहिले होते. १९४२ मध्ये जपानने जावा घेतल्यावर दोस्त राष्ट्रांचा हिवतापावरील क्विनाइनचा मुख्य पुरवठा तुटला, म्हणून त्याऐवजी ॲटाब्रिन ही कडू गोळी द्यावी लागे. परंतु तिने कातडी पिवळी पडे आणि पुरुषत्व जाते अशी अफवा पसरल्याने सैनिक ती गुपचूप टाकून देत.