कष्टाचा पेहराव : डहाणू-तलासरी परिसरातील स्त्रियांच्या कामाच्या वस्त्रांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वस्त्र ही मानवाची मूलभूत गरज असली तरी पेहराव हा सामाजिक स्थान, श्रम आणि सत्ता यांचा निदर्शक असतो. कामाच्या ठिकाणी कोणता पोशाख शोभून दिसतो, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळात वेगळे दिले गेले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पारंपरिक पेहराव व श्रम

वारली पुरुषाचा पोशाख लंगोटी, बंडी व डोईला फडके एवढाच होता. स्त्रिया गुडघ्याच्या वर घट्ट कासोटा घातलेले लुगडे नेसत. या नेसणीकडे बाहेरच्या निरीक्षकांनी बहुधा दारिद्र्याची किंवा मागासलेपणाची खूण म्हणून पाहिले. दारिद्र्य होतेच, परंतु नेसणीमागे श्रमाचे शास्त्रही होते. भाताच्या लावणीत पोटरीपर्यंत चिखलात उभे राहावे लागते, गवत कापताना दिवसभर ओणवे राहावे लागते आणि जंगलातून मोळी आणताना चढ-उतार करावे लागतात. अशा वेळी पायघोळ वस्त्र अडसर ठरते. लुगड्याला सुई-दोरा लागत नाही. अंगाच्या ठेवणीप्रमाणे व कामाप्रमाणे ते सैल वा घट्ट करता येते, गर्भारपणातही तेच चालते आणि जीर्ण झाल्यावर त्याची गोधडी होते. पुढे गाठ मारावयाची चोळी मात्र बेतून शिवावी लागते. तिच्यातही गाठ सैल करण्याची सोय असल्याने अंगावर पाजणाऱ्या मातेस ती सोयीची होती.

वस्त्र, वेठ आणि आंदोलन

या भागातील जमीनदार व जंगल ठेकेदार आदिवासींकडून वेठ घेत असत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी जन्मभर राबणाऱ्या 'लग्नगड्यां'ची स्थिती सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालातून शासनासमोर आली. ज्याच्या श्रमाला मोल नाही त्याच्या वस्त्राचाही निर्णय त्याच्या हाती राहत नाही. दुसऱ्या महायुद्धकाळात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आले. याच काळात, जानेवारी १९४५ मधील टिटवाळा येथील किसान सभेच्या परिषदेनंतर, २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे ५,००० वारली एकत्र आले. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ नाकारून रोख मजुरीची मागणी करण्यात आली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड हुतात्मा झाला. हा लढा मजुरीचा होता. परंतु रोख मजुरी हाती येणे म्हणजे बाजारात जाऊन आपल्या पसंतीचे कापड घेण्याची शक्यता निर्माण होणे होय, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

शिक्षण, नोकरी आणि शिवण

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाड येथे हलविण्यात आले व अनुताई वाघ यांनी ते कार्य पुढे नेले. बालवाडी, आश्रमशाळा, दवाखाना व शासकीय कार्यालय यांमुळे पाचवारी-सहावारी साडी, गणवेश आणि पुढे सलवार-कमीज यांचा प्रसार झाला. सहावारी साडीसोबत परकर व मापाचे पोलके आले. म्हणजेच शिंपी, शिवणयंत्र व शिलाईचा खर्च आला. पूर्वी वस्त्र अंगाप्रमाणे वळत असे, आता अंगाचे माप घेऊन वस्त्र कापले जाऊ लागले. शिकलेल्या मुलीच्या दृष्टीने हा पेहराव प्रतिष्ठेचा व समान वागणुकीच्या अपेक्षेचा होता. म्हणून त्यास केवळ अनुकरण म्हणणे अन्यायकारक ठरेल. त्याचवेळी शेतावर जाताना साडी वर खोचणारी स्त्री जुन्या नेसणीचे तत्त्व जपतच असते.

या इतिहासात एक विसंगतीही आढळते. गंजाड परिसरातील जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेस २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. लग्नघराच्या भिंतीवरील आकृत्या आता शहरी कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या साड्या, कुर्ते व ओढण्यांवर दिसतात. वारल्यांची कला शोभिवंत ठरली. त्यांची नेसणी मात्र दीर्घकाळ उपहासाचा विषय राहिली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कामाच्या पेहरावाचे सौंदर्य कापडाच्या लांबीवर किंवा शिलाईवर अवलंबून नसून ते शरीर, श्रम व आत्मसन्मान यांच्या मेळावर अवलंबून असते. लुगडे श्रमाला अनुरूप होते, शिवलेला पोशाख संधीला अनुरूप ठरला. यांपैकी काय ल्यावे हे ठरविण्याचा अधिकार लेणाऱ्या स्त्रीकडे येणे, हाच या परिवर्तनाचा खरा निकष मानला पाहिजे. प्रादेशिक इतिहासलेखनात जमीन व जंगल यांच्याबरोबरच वस्त्राचीही नोंद घेतली जाणे आवश्यक आहे.