अंगणवाडीतील मोबाइल कोणासाठी?

राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या पालीसारख्या डोंगरी गावांत लहान मुलांची पहिली शाळा म्हणजे अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या सहा सेवांपैकी तीन ते सहा वर्षांच्या बालकांचे पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. अंगणवाडीत मोबाइल आला तो मात्र प्रामुख्याने नोंदींसाठी.

केंद्र सरकारने १ मार्च २०२१ रोजी 'पोषण ट्रॅकर' हे अ‍ॅप आणले. मुलांची हजेरी, वजन-उंची व आहारवाटप यांची नोंद सेविका त्यावर करतात. कुपोषणाकडे झुकणारे मूल त्यामुळे वेळीच लक्षात येऊ शकते. तथापि, इंग्रजीतील अ‍ॅप व निकृष्ट फोन यांना कंटाळून त्याच वर्षी राज्यातील अनेक सेविकांनी मोबाइल शासनाला परत केले होते. पुढे अ‍ॅप मराठीतही उपलब्ध झाले.

बालकांच्या हाती मोबाइल देण्याचा प्रश्न वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील शिफारशीनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षे वयात ही मर्यादा दिवसाला एक तास, कमी असल्यास उत्तम.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला बिया, पाने, शिंपले अशा परिसरातील वस्तूंतून बालशिक्षण घडविले. त्या साधनांना वीज वा रेंज लागत नाही. लागतो तो शिकविणारीचा वेळ. नोंदींत जाणारा हा वेळ तंत्रज्ञानाने वाचविला, तरच त्याचा लाभ बालकांपर्यंत पोहोचेल.