दीड किलोच्या बाळाचा हिशेब

कुंभकोणमजवळच्या तिरुक्करुगावूरची आख्यायिका अशी: ऋषिपत्नी वेदिकेचा गर्भ शापाने गळाला, तेव्हा देवीने तो कुंभात ठेवून वाढवला आणि जन्मलेल्या नैध्रुवाला कामधेनूने दूध पाजलं. ही देवी म्हणजे गर्भरक्षांबिका. एकेकाळी तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात असलेल्या या गावातून गरोदर बायका आजही सुखरूप बाळंतपणासाठी प्रसादाचं एरंडेल नेतात. कुंभातून निघालेलं बाळ पुढे कसं जगलं, ते मात्र कथेत येत नाही.

तो प्रश्न विचारला गेला कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये, आणि तोही खर्चापायी. दीड किलोहून कमी वजनाची बाळं काचेच्या कुंभात वाचू लागली होती; पण काहींच्या वाट्याला जन्मभराचं अपंगत्व येत होतं. मॅकमास्टर विद्यापीठातल्या बॉइल, टॉरन्स आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली छापलेल्या अभ्यासात नुसती वाचलेली वर्षं मोजली नाहीत. ती कशी गेली, यालाही गुण दिले. पूर्ण आरोग्याला १, मृत्यूला ०. काही अवस्था तर शून्याच्याही खाली गेल्या! एक ते दीड किलोच्या बाळांवरचा खर्च त्याहून लहान बाळांवरच्या खर्चापेक्षा अधिक फलदायी ठरला. गुण कोणी दिले? हॅमिल्टनमधल्याच शाळकरी मुलांच्या आईबापांनी.

गुण देण्याच्या याच पद्धतीच्या घराण्यातली पुढची मोजपट्टी कर्करोगातून वाचलेल्या मुलांसाठी होती. तिच्यात प्रजननक्षमताही आली. आठ वर्षांच्या पोराला याची कसली फिकीर? ही काळजी मोठ्यांचीच.

मुलांनाच विचारायचं ठरवलं ते शेफील्डच्या कॅथरीन स्टीव्हन्स यांनी. ७ ते ११ वर्षांच्या मुलांशी बोलून त्यांनी नऊ बाबी काढल्या: काळजी, उदासपणा, दुखणं, थकवा, चिडचिड, शाळेचा अभ्यास, झोप, रोजची कामं, खेळात सामील होणं. प्रत्येकीच्या पाच पायऱ्या, म्हणजे एकूण १९,५३,१२५ अवस्था. शब्द मुलांचे, पण त्यांचं मोल पुन्हा ब्रिटनमधल्या प्रौढांनीच ठरवलं.

ऑस्ट्रेलियात जूली रॅटक्लिफ आणि सहकाऱ्यांनी ११ ते १७ वर्षांच्या मुलांपुढे तीच मोजपट्टी ठेवली. ‘पूर्ण आरोग्यासाठी आयुष्यातली किती वर्षं सोडून द्याल?’ असं कोवळ्या पोरांना विचारणं बरं दिसत नाही. म्हणून एवढंच विचारलं, यातलं सर्वांत बरं काय आणि सर्वांत वाईट काय. मृत्यूचा शून्य कुठे मांडायचा, हे ठरवायला मात्र वयाने मोठ्या तरुणांना गाठावं लागलं.