काचघरासाठी धूर: कर्बवायू कुठून आणावा, या प्रश्नाचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/
हेग आणि रॉटरडॅम या शहरांच्या पश्चिमेस, समुद्रकिनाऱ्यालगत वेस्टलंड नावाचा प्रदेश आहे. तेथे मैलोन्‌मैल काचेची हरितगृहे पसरलेली आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे एक विलक्षण प्रथा रूढ झाली. जुलै महिन्यातील लख्ख दुपारी, काचेखाली टोमॅटो आधीच तापलेले असताना, बागाईतदार बॉयलर पेटवीत असे. त्याला उष्णता नको होती, हवा होता तो धूर. त्या धुरातील कर्बवायूसाठी, म्हणजे कार्बन डायऑक्साइडसाठी, नैसर्गिक वायू जाळला जाई. ही वेळ का आली, आणि तिच्यातून सुटण्याचे मार्ग कोणते निघाले, त्याचा हा धागा.

२/
आरंभ अर्थातच प्रयोगशाळेत झाला. १७७१ मध्ये इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली यांनी दाखविले की, मेणबत्ती विझलेल्या कोंदट हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली, तर काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळते. यासाठी सूर्यप्रकाश आवश्यक असतो, हे १७७९ मध्ये ब्रेडा येथे जन्मलेले डच वैद्य यान इंगेनहाऊस यांनी सिद्ध केले. जिनिव्हाचे निकोला-थिओडोर द सोस्यूर यांनी १८०४ च्या आपल्या ग्रंथात पुढचे पाऊल टाकले. त्यांनी वाटाण्याची रोपे कर्बवायूचे निरनिराळे प्रमाण असलेल्या हवेत वाढविली. भरपूर उन्हात अधिक कर्बवायू मिळालेली रोपे सरस ठरली; सावलीत मात्र तोच वायू त्यांना बाधला. प्रकाश नसेल तर वायू व्यर्थ, हे व्यवहारातले पहिले सूत्र असे दोनशे वर्षांपूर्वीच हाती आले होते.

३/
बागाईतदारांना यातले काही ठाऊक नव्हते. तरीही ते काचेखाली कर्बवायू पुरवीतच होते. युरोपातील हंगामाआधीच्या भाजीपाल्याची सारी मदार घोड्याच्या लिदीच्या ऊबदार वाफ्यांवर होती. कुजणारी लीद उष्णता देई आणि सोबत कर्बवायूही सोडी. पुढे मोटारी आल्या, लीद दुर्मीळ झाली, रासायनिक खते आली. १९७० च्या दशकापासून डच हरितगृहांत मातीची जागा दगडी लोकरीने घेतली आणि सेंद्रिय मातीचा उच्छ्‌वासही थांबला. थंडी बाहेर ठेवण्यासाठी बंद केलेल्या काचघरात पिके स्वच्छ उन्हात तासा-दोन तासांत कर्बवायू खाऊन टाकतात. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण आज दशलक्ष भागांत ४२० च्या पुढे आहे. दाट पिकाच्या बंद काचघरात ते २०० च्याही खाली घसरू शकते. रोपाला पाणी आहे, खत आहे, ऊन आहे, आणि तरीही ते उपाशी! ही उपासमार डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ती ओळखू येण्यास इतका काळ लागला असावा.

४/
मग वायू मुद्दाम सोडावा की नाही? १९०२ मध्ये क्यू येथील जॉड्रेल प्रयोगशाळेतून होरेस ब्राउन आणि फर्ग्युसन एस्कोम यांनी दिलेला निष्कर्ष निराशाजनक होता. वाढीव कर्बवायूत त्यांच्या रोपांची पाने विकृत झाली आणि फुलोरा जवळजवळ थांबला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये एमिल देमुसी यांच्या प्रयोगांत मात्र रोपे जोमाने वाढली. मतभेदाचे मूळ रोपांत नव्हते. संशय वायूच्या शुद्धतेवर गेला.

५/
या संशयाला बळ देणारी गोष्ट दूर सेंट पीटर्सबर्गमध्ये आधीच घडली होती. तेथील तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ दिमित्री नेल्युबोव्ह यांच्या प्रयोगशाळेतील वाटाण्याचे कोंब सरळ न वाढता आडवे पसरत. बाहेरची हवा दिली की ते ताठ उभे राहत. त्यांनी शोध घेतला, तेव्हा दोष दिव्याच्या कोळसावायूतील इथिलीनचा निघाला. १९०१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. आज इथिलीन हे वनस्पतींचे संप्रेरक म्हणून ओळखले जाते. केळी पिकविण्याच्या खोलीत तेच सोडतात. हरितगृहात मात्र त्याचा अत्यल्प अंशही टोमॅटोची फुले गाळतो. वायू कशातून मिळवायचा, हा प्रश्न म्हणूनच त्याच्यासोबत आणखी काय येते, या प्रश्नापासून कधी वेगळा करता आला नाही.

६/
पहिला मोठा औद्योगिक प्रयत्न जर्मनीत झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७ च्या सुमारास, फ्रीडरिश रीडेल यांनी रूर खोऱ्यात होर्स्ट येथे लोखंडाच्या झोतभट्टीचा वायू जाळून व धुऊन काचघरांत सोडला. इतकेच नव्हे, तर उघड्या शेतातही भोके पाडलेल्या नळ्यांतून तो खेळविला. नाकेबंदीने अन्नटंचाई झालेल्या देशाला ही कल्पना मोहक वाटली, यात नवल नाही. पण उघड्या शेतातला वायू वाऱ्यावर जातो, आणि भट्टीचा धूर पिकास मानवेल इतका निर्मळ ठेवणे जिकिरीचे होते. योजना रुजली नाही. पोलादाच्या कारखान्याने भाजीच्या मळ्याला आपला टाकाऊ वायू द्यावा, हा विचार मात्र पुढे नव्वद-एक वर्षांनी वेगळ्या रूपात परत आला.

७/
१९६० च्या आसपास हरितगृहांत छोटे बर्नर दिसू लागले. रॉकेल, प्रोपेन किंवा घन कर्बवायू, म्हणजे शुष्क बर्फ, असे पर्याय होते. रॉकेल स्वस्त, पण त्यात गंधक असले की जळताना सल्फर डायऑक्साइड तयार होतो आणि पानांवर डाग पडतात. प्रोपेन स्वच्छ, एक किलो जाळले की सुमारे तीन किलो कर्बवायू मिळतो. पण बर्नरला हवा कमी पडली, की कार्बन मोनॉक्साइड आणि इथिलीन दोन्ही निघतात, म्हणजे माणूस आणि पीक दोघांनाही धोका. अमेरिकेत मिशिगनचे सिल्व्हन विटवर आणि विल्यम रॉब यांनी १९६४ मध्ये भाजीपाल्यावरील प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध केला, तोवर डच बागाईतदारांनी सॅलडच्या पिकावर ही पद्धत उचललीही होती.

८/
नेदरलँड्सचे नशीब फिरले ते २२ जुलै १९५९ रोजी. त्या दिवशी ग्रोनिंगन प्रांतात स्लोक्टेरेन येथे नैसर्गिक वायू सापडला. तो युरोपातील सर्वांत मोठा साठा ठरला. त्यात गंधक नगण्य होते. एक घनमीटर जाळला की सुमारे १.८ किलो कर्बवायू मिळे, आणि चांगल्या बॉयलरचा धूर थेट पिकात सोडता येई. वेस्टलंडच्या बागाईतदाराला एकाच नळातून ऊब आणि अन्न मिळू लागले. कर्बवायूचे प्रमाण दशलक्ष भागांत ८०० ते १००० पर्यंत नेले की टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची यांचे उत्पन्न बरेच वाढते, हा अनुभव सार्वत्रिक झाला.

९/
अडचण वेळेची होती. कर्बवायू लागतो दिवसा, ऊब लागते रात्री. १९८० च्या दशकापासून डच बागांत काचघराशेजारी अवाढव्य गोल टाक्या उभ्या राहू लागल्या, त्या याच पेचामुळे. दिवसा बॉयलर चालवून धूर पिकाला द्यायचा, तापलेले पाणी टाकीत साठवायचे आणि रात्री ते नळ्यांतून फिरवायचे. साधीच युक्ती, पण या साऱ्या इतिहासातील सर्वांत हुशार उपाय बहुधा तीच. पुढे वायूवर चालणारी जनित्रे आली: वीज दिव्यांना किंवा विद्युतजाळ्याला, उष्णता टाकीला, धूर पिकाला. इंजिनाच्या धुरात मात्र नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इथिलीन असतात. युरिया फवारून व उत्प्रेरकातून नेऊन तो शुद्ध करावा लागतो. इंगेनहाऊस यांच्या देशात बागाईतदार एकाच वेळी वीजविक्रेता आणि रसायनतज्ज्ञ झाला.

१०/
तरीही जुलैची दुपार सुटत नव्हती. तेव्हा टाकी भरलेली असते, रात्रीही गारठा नसतो, आणि उष्णता बाहेर काढण्यासाठी छताच्या खिडक्या उघडल्या की पुरवलेला वायू निसटतो. (मावळातील गुलाबांच्या हवेशीर पॉलिहाऊसमध्ये कर्बवायू सोडणे सहसा परवडत नाही, तेही याच कारणाने.) केवळ धुरासाठी इंधन जाळणे टाळायचे, तर द्रवरूप कर्बवायू विकत घ्यावा लागे. तो उणे २० अंशांच्या आसपास, दाबाखालील टाकीत टँकरने येतो. अत्यंत शुद्ध, पण महाग.

११/
२००५ मध्ये तिसरा मार्ग निघाला. रॉटरडॅमहून ॲमस्टरडॅमकडे जाणारी एक जुनी तेलवाहिनी अनेक वर्षे जमिनीखाली निरुपयोगी पडून होती. लांबी सुमारे ८५ किलोमीटर. ओकॅप या कंपनीने तिच्यातून कर्बवायू वाहून नेण्यास आरंभ केला. तो येई पर्निस येथील शेलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून. हायड्रोजन तयार करताना निघणारा हा जवळजवळ शुद्ध वायू तोवर आकाशात सोडला जात असे. पुढे बंदरातील इथेनॉल कारखान्याचा आंबवणीतला वायूही त्यात मिसळू लागला. शेकडो हरितगृहे या वाहिनीला जोडली गेली. रीडेल यांची कल्पना अखेर साकार झाली, पण कारखान्याची दुरुस्ती निघाली की आता मळ्यावरही परिणाम होऊ लागला.

१२/
दरम्यान ग्रोनिंगनची जमीन हादरू लागली होती. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगे येथे वायूउपशामुळे ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. घरांना तडे गेले, लोकक्षोभ वाढला, आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी तेथील नियमित उत्पादन थांबले. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये, युक्रेन युद्धाच्या सावटाखाली, युरोपातील वायूचा भाव मेगावॅट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला होता. त्या हिवाळ्यात अनेक काचघरे अंधारात आणि रिकामी राहिली.

१३/
साहजिकच अनेकांनी भूगर्भातील गरम पाण्याकडे मोर्चा वळविला. अशी पहिली डच विहीर २००७ च्या सुमारास ब्लाइस्विक येथे एका टोमॅटो बागेने सुरू केली होती. ऊब मिळाली, पण धूर गेला. लिदीच्या वाफ्यापासून बॉयलरपर्यंत उष्णता आणि कर्बवायू ही जोडी एकत्र येत होती. ती प्रथमच तुटली. आता उष्णतेसाठी काही न जाळणाऱ्या बागाईतदाराला वायू वेगळा मागवावा लागतो. डाउव्हन येथील कचरा जाळण्याच्या प्रकल्पाने २०१९ पासून आपल्या धुरातील कर्बवायू वेगळा काढून हरितगृहांना देण्यास सुरुवात केली, ती या नव्या गरजेपोटीच.

१४/
पण मागणीदार आता बागाईतदार एकटे नाहीत. रॉटरडॅम बंदरातील कर्बवायू उत्तर समुद्राखालील रिकाम्या वायूक्षेत्रात पुरण्याच्या पोर्थोस प्रकल्पाला ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. युरोपीय उत्सर्जन-व्यापाराच्या नियमांनुसार पुरलेला वायू कारखान्याच्या खात्यातून वजा होतो. टोमॅटोला दिलेला होत नाही, कारण तो अखेर हवेतच परततो, असे धरले जाते. त्यामुळे एकेकाळी धुराड्यातून फुकट जाणाऱ्या वायूसाठी वेस्टलंडच्या बागाईतदाराला आज समुद्रतळाशी स्पर्धा करावी लागत आहे, आणि या स्पर्धेत कारखान्याचा हिशेब त्याच्या बाजूने नाही.