तिरप्या अक्षराचा कारागीर

उर्दूत ‘खत’ म्हणजे चिठ्ठी आणि ‘खत’ म्हणजे लिखावटही. आपल्या घरांतली वडीलधारी मंडळी वर्तमानपत्र हातात घेताच कातिबाचे वळण कसे आहे, यावर आधी बोलत. इंग्रजी पुस्तकातल्या तिरप्या, नाजूक इटॅलिक अक्षराकडे मात्र आपण कधी निरखून पाहत नाही. खरे तर तेही हाताचेच वळण.

इटलीतले विद्वान आणि दफ्तरांतले लेखनिक जे झुकते, जलद अक्षर काढीत, ते व्हेनिसचा प्रकाशक आल्डुस मानुत्सिओ याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने पोलादात कोरले. १५०१ साली त्यात व्हर्जिलचे काव्य हातात मावेल अशा आकारात निघाले. पुढे त्या वळणाला खरी नजाकत दिली ती पॅरिसच्या रोबेर ग्रांजाँने. त्याची मोठी अक्षरे शेपटी झोकात फिरवतात. आधी अख्खी पुस्तके इटॅलिकमध्ये छापत. हळूहळू ते उभ्या अक्षराचे सोबती झाले आणि प्रस्तावना, अवतरण, जोर द्यायचा शब्द यांपुरते उरले. १९८९ च्या अडोबी गॅरामाँडमधले इटॅलिक ग्रांजाँच्याच नमुन्यावरून घेतलेले आहे.

हाच ग्रांजाँ १५७८ मध्ये रोमला गेला आणि उतारवयात त्याने अरबी हुरूफ कोरले! छापखान्याचा खिळा चौकोनी. तिरप्या अक्षराचे टोक त्याच्या बाहेर डोकावते आणि मोडते. अरबीत तर अक्षर शब्दाच्या आरंभी एक, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे रूप घेते, आणि दोन खिळ्यांमधली फट दिसता कामा नये. इटॅलिकवर बसलेला हात इथे कामी आला असावा, असे मला वाटते. १५८४ साली स्थापन झालेल्या मेदिची छापखान्याने १५९३ मध्ये, ग्रांजाँच्या मृत्यूनंतर, इब्न सीनाचा ‘अल्-कानून’ त्याच्या अक्षरांत छापला. १५९४ च्या युक्लिडमध्ये तर सुलतान तिसऱ्या मुरादचे व्यापारास मुभा देणारे फर्मानही जोडले होते. तरी पुस्तके फारशी खपली नाहीत.

मुसलमानांनी छपाई उशिरा स्वीकारली ती केवळ मौलवींच्या विरोधामुळे, असे सरसकट सांगितले जाते. अक्षराची अडचण कोणी विचारातच घेत नाही. ग्रांजाँने हात घातला तो नस्ख वळणाला, जे एका ओळीवर सरळ चालते. आपली नस्तालीक प्रत्येक शब्दागणिक उजवीकडून डावीकडे खाली उतरते. तिला चौकोनी खिळ्यात कोंबले की ती नस्तालीक राहतच नाही. म्हणून तर एकोणिसाव्या शतकात शिळाछाप येताच हिंदुस्थानात, मुंबईतही, उर्दू-फारसी पुस्तकांचा पूर आला. दगडावर कातिबाचा हात जसाच्या तसा उमटत होता. छपाईचे वावडे असते, तर हे कसे घडले असते?

१९८१ साली ‘जंग’ दैनिक संगणकावरच्या नूरी नस्तालीकमध्ये निघाले. त्यासाठी मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती स्वतःच्या हाताने लिहून काढल्या होत्या. मुंबईच्या उर्दू वर्तमानपत्रांतल्या कातिबांच्या बैठका त्यानंतर एकेक करून उठल्या.